छायाचित्रांचे वाचक

हेर म्हटला की आपल्याला बहिर्जी नाईक आठवतात. वेषांतर, रात्रीचा प्रवास आणि जिवाची बाजी. विसाव्या शतकात मात्र या व्यवसायाला एक बैठी शाखा फुटली. तिच्यातला हेर खुर्चीत बसून, डोळ्याला भिंग लावून, विमानातून टिपलेली छायाचित्रे वाचीत असे. आता विमानाच्या जोडीला उपग्रह आले आणि हे एक मोठे नोकरीचे क्षेत्र झाले. बारावीनंतरची चौकशी करायला येणारे पालक हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे नाव घेतात. देहरादूनला हीच विद्या शिकवणारी संस्था १९६६ सालीच डच सहकार्याने निघाली होती, हे थोड्यांना ठाऊक असते.

या विद्येचे खरे गुरुकुल म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले मेडमेनहॅम. थेम्सकाठच्या त्या वाड्यात भरती झालेली माणसे पाहिली तर नवल वाटते. ग्लिन डॅनियल, स्टुअर्ट पिगट, डोरोथी गॅरड हे तिघेही पुरातत्त्वाचे अभ्यासक! पण त्यात संगती होती. जमिनीखाली जुनी भिंत असली की वरचे पीक खुरटते, जुना खंदक असला की ते जोमाने वाढते, आणि आकाशातून तो आराखडा स्पष्ट उमटतो. (आपला शेतकरीही पिकाची उंची पाहून खाली खडक किती खोल आहे ते सांगतोच की.) पुढे डॅनियल आणि पिगट याच कामासाठी दिल्लीला आले, पिगट यांनी नंतर भारताच्या प्रागितिहासावर ग्रंथ लिहिला.

कामाची रीत वरकरणी सोपी. एकाच जागेची, थोड्या अंतरावरून घेतलेली दोन छायाचित्रे शेजारी ठेवून दुहेरी भिंगातून पाहिली की घरे, झाडे, खड्डे उठून दिसतात. सावलीवरून उंची काढायची. कालचे चित्र आजच्या चित्राशी ताडून पाहायचे.

कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ या पूर्वी विमानविषयक नियतकालिकात लिहीत. नोव्हेंबर १९४३ मध्ये त्यांना सांगण्यात आले, की जर्मनीतल्या पेनेम्युंडे येथे एखादे अगदी लहान विमान दिसते का पाहा. त्यांनी जूनमधली जुनी चित्रे पुन्हा काढली, आणि त्यांत ते सापडले! म्हणजे पाच महिने ते चित्रात होतेच. २८ नोव्हेंबरच्या चित्रात तर ते उतरत्या फळीवर, उड्डाणाच्या जागी दिसले. लंडनवर पुढे कोसळलेले व्ही-१ ते हेच.

माझ्या मते या व्यवसायाचे मर्म इथे आहे. यंत्र कितीही सूक्ष्म असो, प्रश्न विचारल्याशिवाय चित्र बोलत नाही. म्हणून या वाटेला जाणाऱ्या मुलाने भूगोल-गणिताबरोबर इतिहासही मन लावून वाचावा असे मी सांगतो.

याची दुसरी बाजू भयंकर आहे. १९४४ च्या एप्रिलपासून दोस्तांची विमाने पोलंडमधल्या आउश्वित्झवरून अनेकदा गेली. लक्ष्य होते शेजारचा कृत्रिम तेल व रबराचा कारखाना. वाचकांनी कारखान्याचा भाग न् भाग नोंदवला. त्याच फिल्मवर छळछावणीही उमटली होती. मे ते जुलै या काळात हंगेरीतून चार लाखांहून अधिक ज्यूंना तिथे नेण्यात आले. तिथून निसटलेल्या दोन कैद्यांचे निवेदन उन्हाळ्यात लंडन-वॉशिंग्टनला पोहोचले. परंतु भिंग लावून बसलेल्यांना छावणी शोधा असे कोणी सांगितले नाही.

१९७८ साली अमेरिकेत दूरदर्शनवर या संहाराची मालिका दाखवली गेली. ती पाहून डिनो ब्रुजिओनी या मुरलेल्या छायाचित्र-वाचकाला शंका आली. १९६२ च्या क्यूबा-संकटात काम केलेला हा माणूस. त्याने रॉबर्ट पॉयरिए या सहकाऱ्यासह जुन्या फिल्मचे डबे उघडवले आणि १९७९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. २५ ऑगस्ट १९४४ ची फिल्म कारखान्यावरील बाँबहल्ल्याचे नुकसान मोजण्यासाठी घेतलेली होती. तिच्या कडेला बिर्केनाऊच्या फलाटावर आगगाडी उभी आहे, आणि माणसांची एक रांग दाहगृहाच्या फाटकाकडे चालली आहे. ते फाटक उघडे आहे.