केसमधलं बेअरिंग आणि चाकाची धाव

मराठवाड्याचा इतिहास लिहिणारे कागद शोधतात. सनदा, फर्मानं, महसुलाच्या नोंदी, निजाम सरकारच्या फायली. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या मिस्त्रींनी असा कागद फारसा मागे ठेवलेला नाही. त्यांचं काम वाचायचं असेल तर जुन्या मोटारसायकलचं इंजिन उघडावं लागतं. अ‍ॅल्युमिनियमच्या केसचे दोन भाग वेगळे केले की बेअरिंगच्या घराभोवती गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत कोणी काय केलं ते स्पष्ट दिसतं. कुठे छिन्नीचा ओरखडा, कुठे पंचाचे टिपके, तर कुठे काहीच नाही. जिथे काहीच नाही, तिथे चांगला मिस्त्री येऊन गेला असं समजावं.

या गाड्या आपल्याकडे आल्या त्या स्वातंत्र्यानंतर. १९५५ साली मद्रासला बुलेट तयार होऊ लागली. १९६१ मध्ये म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना सुरू झाला. त्याच दशकात एस्कॉर्ट्सची राजदूत आली. जावाचं मूळ चेकोस्लोव्हाकियातलं, राजदूतचं पोलंडमधलं, बुलेटचं इंग्लंडमधलं. दरम्यान परभणी १९५६ मध्ये हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आली होती. पोलीस, ग्रामसेवक, शिक्षक आणि दूधवाले अशा गाड्यांवर फिरू लागले. बुलेटला इंची पाने लागत, जावाला मिलिमीटरचे. कंपनीचं माहितीपुस्तक इंग्रजीत, आणि ते हाताळणारे बहुतेक जण इंग्रजी न वाचणारे.

तरीही त्यांनी ही इंजिनं सोडली, दुरुस्त केली, पुन्हा बांधली. त्यातलं सर्वांत नाजूक काम म्हणजे केसमधून जुनं बेअरिंग काढणं.

बेअरिंग पोलादाचं असतं, केस अ‍ॅल्युमिनियमची. बेअरिंग आपल्या जागी फिरू नये म्हणून त्याचं घर मुद्दाम किंचित लहान ठेवलेलं असतं, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावं इतकंच. थंड केसमधून ते हातोडीने ठोकून काढता येतं. पण ते निघताना घराची भिंत खरवडत निघतं आणि पुढचं बेअरिंग सैल बसतं. उस्ताद लोक इथे विस्तव वापरतात. अ‍ॅल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळपास दुप्पट पसरतं. ६३०५ नंबरचं बेअरिंग घ्या. त्याचा बाहेरचा व्यास ६२ मिलिमीटर. केस आणि बेअरिंग दोन्ही शंभर अंशांनी तापली तर घर सुमारे ०.१४ मिलिमीटरने मोठं होतं, बेअरिंग ०.०७ ने. या फरकात पकड सुटते.

पद्धत साधी आहे, पण तिला सबुरी लागते. आधी ऑइल सील आणि लॉक काढायचे. केस पेट्रोलने धुतली असेल तर ती पूर्ण वाळू द्यायची, नाहीतर भडका उडतो. मग स्टोव्हवर तवा, तव्यावर वाळू आणि वाळूवर केस. एकाच जागी ज्योत धरायची नाही, केस वाकते. शिवाय अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. सुमारे ६६० अंशांवर ते सरळ वितळतंच. म्हणून पाण्याचा थेंब टाकून पाहायचा. थेंब तडतडून उडाला की केस फडक्याने धरायची, पालथी करायची आणि लाकडी फळीवर सपाट आपटायची. बेअरिंग आपल्याच वजनाने खाली पडतं. मी हे कितीतरी वेळा पाहिलंय, तरी दरवेळी नवल वाटतं.

काही बेअरिंगांच्या मागे भिंत असते, तिथे पलीकडून ठोकायला वाव नसतो. अशा वेळी मधल्या भोकात ग्रीस भरून, घट्ट बसणारी सळई वर ठेवून ठोकतात. ग्रीसचा दाब बेअरिंगला बाहेर ढकलतो. गोळ्यांच्या फटीतून ग्रीस निसटत असेल तर ओला पाव भरतात. पाव निसटत नाही. नवं बेअरिंग घालताना उलट हिशोब: बेअरिंग बर्फात, केस विस्तवावर, आणि दाबायचंच झालं तर फक्त बाहेरच्या कडीवर.

याला लोक ‘जुगाड’ म्हणतात तेव्हा मला राग येतो. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना पाहिलेल्यांना ही विद्या अनोळखी वाटणार नाही. धाव चाकापेक्षा थोडी लहान करायची, गोवऱ्यांच्या आगीत लालभडक करायची, चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आवळतं आणि चाक घट्ट बांधलं जातं. आगगाडीच्या चाकावरची पोलादी पट्टीही अशीच तापवून चढवतात. हैदराबाद-मनमाड ही मीटरगेज १९०० च्या सुमारास आपल्या भागातून गेली, आणि तिच्यावरचं पूर्णा पुढे जंक्शन झालं. लोहाराचा भाता, रेल्वेचा कारखाना आणि गल्लीतलं गॅरेज या तिन्ही ठिकाणी धातूचा एकच स्वभाव कामाला येतो.

गॅरेजात बोलली जाते ती दखनी आणि मराठीची मिसळ. ‘उस्ताद’ फारसीतून आला, ‘मिस्त्री’ पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून. या कामात मुसलमान पुष्कळ आहेत, हे सांगायला आकडा लागू नये. पण २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानेही ज्या धंद्यांना चालना दिली तर मुस्लीम कामगारांना फायदा होईल असं म्हटलं, त्यांत वाहनदुरुस्ती आहे. याचं फार कौतुक करण्यात अर्थ नाही. या हातांतलं कसब बऱ्याचदा शाळा सुटल्याची किंमत देऊन आलेलं आहे. दहा-बारा वर्षांचा पोरगा पाने धुवायला बसला आणि तिथेच मोठा झाला. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा, म्हणजे जावाच्याच वयाचा. पण गल्लीतल्या शागिर्दाच्या हातात त्याने कधी प्रमाणपत्र दिलं नाही. केस किती तापवायची हे अचूक ओळखणारा माणूस सरकारी नोंदीत अकुशलच राहतो.

आता गंमत अशी की बेअरिंग आजही सहज मिळतं. ६३०५ हे जगभर एकाच मापाचं. जयपूरला १९५० पासून बेअरिंगं बनतायत, आपल्या चिंचवडलाही साठच्या दशकापासून. केस मात्र मिळत नाही. आयडियल जावा १९९६ मध्ये बंद पडली. इंजिन नंबर केसवरच ठोकलेला असतो आणि तोच आरसी बुकात असतो, त्यामुळे दुसऱ्या गाडीची केस लावली की कागद जुळत नाहीत. काही शे रुपयांच्या बेअरिंगसाठी दोन हातोड्या मारणारा माणूस गाडीची ओळखच पणाला लावत असतो.

अशा मार खाल्लेल्या केसेस अजून येतात. घर सैल झालेलं असतं आणि मागच्याने पंचाचे टिपके मारून बेअरिंग कसंबसं अडकवलेलं असतं. हा इलाज काही महिनेच टिकतो. मग जाणता मिस्त्री ती लेथवर नेतो, घर मोठं करून घेतो, त्यात धातूची स्लीव्ह बसवतो आणि ती पुन्हा ६२ मिलिमीटरला बोर करून घेतो. ती स्लीव्ह बसवतानाही केस आधी तव्यावरच जाते.