वृक्षाश्रयी फुलांचा शोध

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जुन्या वृक्षांच्या फांद्या शेवाळानें वेढलेल्या असतात. त्या शेवाळांत बटणासारखा चपटा कंद व त्यावर दोन पानें, एवढाच ज्यांचा संसार, अशीं ऑर्किडचीं, म्हणजे आमरकुळांतील, इवलीं रोपें लपलेलीं असतात. ओबेरोनियाचें फूल तर एक-दोन मिलिमीटरचेंच. लिंडले या इंग्रज शास्त्रज्ञानें १८३० सालीं या वंशाला परीकथांतील राजा ओबेरॉन याचें नांव दिलें, तें उगीच नव्हे. इतकी लहान वस्तु अरण्यांत सांपडते कशी? या शोधाचा इतिहास पाहतां उत्तर एकच मिळतें: रोप पाहिजे असेल, तर आधीं वृक्ष ओळखावा.

कोचीन येथील डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड याचा ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळांत आम्स्टरडॅम येथें छापला गेला. इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे कोंकणी वैद्य यांच्या ज्ञानावर तो उभा आहे. या तिघांनीं १६७५ सालीं दिलेलें प्रमाणपत्र कोंकणी भाषेंत व नागरी लिपींत आहे, आणि तें पहिल्या खंडांत तसेंच छापलेलें आहे. मलबारच्या अरण्यांत एकेका वृक्षावर दहा-बारा प्रकारचीं पानें, फुलें व फळें एकत्र दिसतात, असें रीडनें नमूद केलें आहे.

त्याच्या मृत्यूनंतर, १६९३ सालीं, निघालेल्या बाराव्या खंडांत वृक्षवासी आमरें आलीं. त्यांचीं मलबारी नांवें मोठीं बोलकीं आहेत. ‘मरवाळ’ म्हणजे झाडावरची केळ; अंजिलीवरची ती ‘अंजिली मरवाळ’ आणि कांजिरावरची ती ‘कांजिरम मरवाळ’. अंजिली हा आपला रानफणस, कांजिर हा आपला काजरा. नांवांतच पत्ता सांगितलेला आहे! पुढें १७५३ सालीं लिनीअसनें या दोन्ही वनस्पती ‘एपिडेंड्रम’, म्हणजे ‘वृक्षावरील’, या एकाच वंशांत घातल्या. शास्त्राला सुटसुटीतपणा लाभला. परंतु कोणता वृक्ष, हें मात्र नांवांतून गळालें.

हा पत्ता क्षुल्लक नव्हे. लोक या रोपांना सरसकट बांडगूळ म्हणतात, पण बांडगूळ वृक्षाचा रस शोषतें, आणि आमर केवळ आधार घेतें. त्याच्या मुळांवरील स्पंजासारखें आवरण पावसाचें व दंवाचें पाणी टिपून घेतें. त्याचें बीज धुळीइतकें सूक्ष्म असून त्यांत अन्नाचा सांठा जवळजवळ नसतोच. तें रुजण्यास विशिष्ट बुरशीचें साहाय्य लागतें, हें फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बर्नार यानें १८९९ सालीं दाखवून दिलें. त्यामुळें लाखों बियांतील एखादीच योग्य सालीवर, योग्य बुरशीच्या संगतींत रुजते. खडबडीत, ओल धरणारी साल वृक्षाला वयानेंच येते.

मुंबई इलाख्याची एक मोठी वनस्पति-सूची, ‘बॉम्बे फ्लोरा’, १८६१ सालीं निघाली. तिचे कर्ते गिब्सन व डाल्झेल हे दोघेही वनसंरक्षक होते, हा निव्वळ योगायोग मानवत नाहीं. लहान रोपें नजरेस पडावयास अरण्यांत वर्षानुवर्षें वावरावें लागतें. ‘एरिया डाल्झेली’ या नाजूक आमराला डाल्झेलचेंच नांव मिळालें. १९६६ साली सांतापाव व कापडिया यांनीं मुंबईकडील आमरांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

ग्रंथकारांचीं नांवें राहिलीं. फांदीवर चढून रोप खालीं आणणाऱ्या बहुतेकांचीं राहिलीं नाहींत. त्यांचें ज्ञान मात्र ‘अंजिली मरवाळ’ या दोन शब्दांत अजून जिवंत आहे. आज आमरांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, आणि ते योग्यच आहेत. परंतु रस्त्यासाठीं जुना आंबा पडतो, तेव्हां हिशेबांत एक झाड लिहिलें जातें. त्यावरचीं शेंकडों बिऱ्हाडें कोणी मोजीत नाहीं. नवें झाड लावतां येतें. पण शंभर वर्षांची साल लावतां येत नाहीं. म्हणून ज्यास हीं फुलें पाहण्याची हौस असेल, त्यानें रोप जागच्या जागीं राहूं द्यावें, आणि आपल्या टिपणांत फुलाच्या नांवाशेजारीं वृक्षाचेंही नांव अवश्य लिहावें.