सोलणी यंत्रे : असमान सालीच्या फळांसाठी

ज्या फळांची साल सगळीकडे सारख्या जाडीची नसते किंवा ज्यांचा पृष्ठभाग उंचसखल असतो, अशा फळांची साल काढणारी अन्नप्रक्रिया उद्योगातील यंत्रे. या नोंदीत नंदुरबार जिल्ह्यातील तीन फळांच्या अनुषंगाने त्यांचा विचार केला आहे : रायवळ आंब्याची कैरी, पपई आणि सीताफळ. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे भूगोलाने ढोबळमानाने दोन भाग पडतात. उत्तरेला सातपुड्याचे धडगाव (अक्राणी) आणि अक्कलकुवा हे डोंगरी तालुके, दक्षिणेला तापीकाठची शहादा, तळोदा, नंदुरबारची सपाटी. कैरी आणि सीताफळ मुख्यतः डोंगरातले, पपई सपाटीवरची. यंत्राला तिन्ही फळे वेगवेगळ्या ठिकाणी अडवतात.

‘असमान साल’ या एका नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी येतात आणि यंत्रे विकणारे त्यांची हमखास गल्लत करतात. पहिली म्हणजे पृष्ठभागाची असमानता : खोबणी, कंगोरे, फुगवटे, चपटेपणा. दुसरी म्हणजे जाडीची असमानता : वरून फळ गुळगुळीत दिसते, पण साल कुठे पातळ तर कुठे जाड असते. पहिली अडचण यंत्राला बऱ्याच अंशी सुटते, कारण पृष्ठभाग बाहेर असतो आणि त्याला टेकता येते. दुसरी सुटत नाही, कारण साल जिथे संपते ती सीमा आत असते. पाते बाहेरून खोली मोजते. माणसाचा हात मात्र पात्याखाली लागणारा कठीण-मऊपणा आणि उलगडत जाणारा रंग पाहून दर इंचाला खोली बदलतो. एवढ्या साध्या वाटणाऱ्या कामात यंत्र हाताच्या मागे राहते ते याच कारणाने.

कापून सोलणारी यंत्रे. फळ फिरवायचे आणि पाते त्याच्या अंगावरून न्यायचे, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत पेनसिल्वेनिया राज्यातील मोझेस कोट्स यांना १८०३ मध्ये सफरचंद सोलण्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले. त्या घराण्यातली हातरहाटाची यंत्रे आजही स्वयंपाकघराच्या सामानात विकत मिळतात. सुधारित कारखानी यंत्रात पाते एका स्प्रिंगच्या दांड्यावर असते आणि त्याच्या पुढे लहानशी पट्टी फळाच्या अंगाला टेकून सरकते. पट्टी आणि पाते यांच्यातले अंतर जेवढे, तेवढ्या जाडीची साल निघते. फुगवटा आला की दांडा मागे जातो, खळगा आला की पुढे येतो. म्हणजे पहिल्या प्रकारच्या असमानतेला उत्तर आहे. पण काप एकाच जाडीचा निघतो. तो सालीच्या सर्वांत जाड जागेप्रमाणे लावला तर पातळ जागी गर वाया जातो, पातळ जागेप्रमाणे लावला तर जाड जागी हिरवे डाग राहतात.

हवाई बेटांवर हेन्री जिनाका यांनी १९११ पासून जेम्स डोल यांच्या कंपनीसाठी अननसाचे यंत्र घडवले. त्यांनी या पेचातून वेगळी वाट काढली : सालीचा पाठलागच सोडून दिला. नळीसारखे फिरणारे पाते अननसातून सरळ आरपार जाते आणि एकसारखा दंडगोल बाहेर पडतो. सालीला चिकटून गेलेला गर मग दुसऱ्या टप्प्यात खरवडून रसासाठी घेतला जातो. तरीही दंडगोलावर राहिलेले डोळे काढायला शेवटी माणसे बसवावीच लागत. या यंत्राचे खरे वैशिष्ट्य वेगात नसून वाया जाणाऱ्या गराचा हिशेब आधीच मांडून ठेवण्यात आहे, आणि नंतरच्या पुष्कळ यंत्रांनी हा धडा घेतलेला दिसत नाही.

कैरी आणि आमचूर. धडगाव, मोलगी, तोरणमाळ या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत भिल्ल आणि पावरा कुटुंबांचे मोठे काम म्हणजे आमचूर. बाकीच्या महाराष्ट्रात आंबोशी म्हणतात तीच वस्तू, पण येथे ती घरच्या बरणीसाठी नसून बाजारासाठी केली जाते. झाडावरून कैऱ्या उतरवतात, सोलतात, कोय वगळून फोडी करतात आणि उन्हात खडकांवर, छपरांवर किंवा कापडावर वाळवतात. वाळलेली फोड जितकी पांढरी तितका भाव चांगला. सोलताना राहिलेली साल वाळल्यावर काळपट दिसते, दळल्यावर भुकटीचा रंग उतरवते. त्यामुळे सोलणीचा दर्जा थेट भावाला भिडतो, आणि घरातली सगळी माणसे, विशेषतः बाया, दिवसदिवस सोलायला बसतात.

हे काम यंत्राला का जमत नाही, याची कारणे फळातच आहेत. झाडे रायवळ, म्हणजे कोयीपासून उगवलेली. प्रत्येक झाडाची कैरी आकाराने, चोचीने, सालीने वेगळी, आणि एकाच टोपलीत दहा झाडांची कैरी असते. आंब्याच्या फळात सालीचा वाटा साधारण १५ ते २० टक्के धरतात. एवढा वाटा जर साल म्हणूनच जाणार असेल, तर यंत्राने आणखी पाच-सात टक्के गर सोबत नेणे परवडत नाही. दुसरे कारण चपटेपणाचे. कैरी देठ ते चोच या अक्षावर फिरवली की तिची कडा आणि तिची पाठ आळीपाळीने पात्यासमोर येतात. एका फेऱ्यात पात्याच्या दांड्याला दोनदा मागे आणि दोनदा पुढे जावे लागते. फेरे सावकाश असतील तर स्प्रिंग हे सांभाळते. वेग वाढवला की दांडा उसळतो, पाते उडते आणि कडेला सालीच्या उभ्या पट्ट्या तशाच राहतात. यंत्राच्या माहितीपत्रकातला ‘ताशी इतके किलो’ हा आकडा बहुधा गोल, एकसारख्या फळांवर काढलेला असतो. रायवळ कैरीवर तो लागू पडत नाही.

तिसरे कारण पकडीचे. सफरचंद काट्यावर खोचता येते, कारण त्याचा गाभा मऊ असतो. कैरीत काटा कोयीवर अडतो. कोय कोवळी असताना तो शिरतो खरा, पण आमचुरासाठी कैरी भरलेली, आंबटपणा पुरता आलेली लागते आणि तोवर बाठा टणक होतो. म्हणून कैरीच्या यंत्रात फळ दोन टोकांना वाट्यांनी दाबून धरतात. वाटीखाली येणारी साल निघत नाही ती नाहीच. देठाकडची आणि चोचीकडची टोके नंतर हातानेच उडवावी लागतात. देठातून येणारा चीक हाताला उततो आणि रबरी भागांवर साचून पकड निसरडी करतो, हा त्यात आणखी एक ताप.

पात्याचा धातूही महत्त्वाचा. साध्या लोखंडाच्या सुरीने सोललेली कैरी लवकर काळवंडते, कारण कैरीतील टॅनिनवर्गीय द्रव्ये लोहाशी संयोग पावून गडद रंग देतात. शिवाय कापलेल्या पृष्ठभागावर हवेतील ऑक्सिजन आणि फळातील विकरे यांच्यामुळे होणारे काळवंडणे वेगळेच. स्टेनलेस स्टीलचे पाते आणि सोलल्यावर विनाविलंब वाळवण या दोन साध्या गोष्टींनी जेवढा फरक पडतो, तेवढा पुष्कळदा महागड्या यंत्राने पडत नाही. लखनौच्या केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेने कच्च्या आंब्यासाठी हातात धरून वापरायची स्टीलची सोलणी विकसित केली, त्यामागे हाच विचार दिसतो. त्या सोलणीत पात्याची फट ठरलेली असते, पण दाब आणि कोन माणसाच्या हातात राहतो. डोंगरातल्या पाड्यांवर, जिथे विजेचा भरवसा नाही आणि कैरी वेगवेगळ्या झाडांची आहे, तिथे असे हातसाधन हे मागासपणाचे लक्षण मानण्याचे कारण नाही.

कारखान्यातले लोक यावर विचारतात की आंब्याचा रस काढणाऱ्या मोठ्या प्रकल्पांत हजारो टन आंबा कसा निघतो? पूर्वीच्या एकत्रित खानदेशातच, जळगावला, जैन उद्योगसमूहाचा असा मोठा प्रकल्प आहे. उत्तर असे की रसासाठी आंबा अखंड सोलण्याची गरज नसते. पिकलेले फळ धुऊन यंत्रात घालतात, फिरती पाती ते कुस्करतात, गर चाळणीच्या छिद्रांतून बाहेर पडतो आणि कोय व साल मागे राहते. पिकल्यावर साल गरापासून सुटी होते आणि तिचा चिवटपणा गरापेक्षा खूप जास्त असतो, म्हणून चाळणी त्यांना वेगळे करू शकते. कैरीत हा फरकच नसतो. साल गराला घट्ट, आणि गरही जवळपास तितकाच कठीण.

साल सैल करणाऱ्या पद्धती. पात्याला आतली सीमा कळत नसेल, तर साल स्वतःहून सुटेल असे काही करावे, हा दुसरा मार्ग. उकळत्या किंवा गरम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात फळ बुडवले की सालीखालचे पेशींना जोडणारे पेक्टिन विरघळते आणि साल पाण्याच्या फवाऱ्याने निघून येते. पीच या फळाचे डबे भरणारे कारखाने ही पद्धत दीर्घकाळ वापरत आले आहेत. सोडा उरू नये म्हणून नंतर सौम्य आम्लाने धुतात. वाफेच्या पद्धतीत फळ दाबाखालील वाफेत काही सेकंद ठेवून दाब एकदम सोडतात. सालीखालचे पाणी क्षणात वाफ होते आणि साल फाटून सुटते. बटाट्यासारख्या मालात वाफेने सुमारे ८ ते १८ टक्के वजन जाते, तर खरखरीत कार्बोरंडमच्या पिंपात घासून सोलले तर २५ टक्क्यांपर्यंत जाते. घासणारे पिंप हे असमान फळासाठी सर्वांत वाईट साधन आहे : उंचवटे झिजून गर उघडा पडतो आणि खळग्यांतली साल जशीच्या तशी राहते.

संत्रे-पपनसासारख्या फळांसाठी विकरांची पद्धत निघाली आहे. सालीला चिरा देऊन पेक्टिन विरघळवणाऱ्या विकराचे द्रावण निर्वाताच्या साहाय्याने आत शोषवतात आणि पांढरा पापुद्रा सैल होतो. टोमॅटोसाठी अवरक्त किरणांनी कोरडी सोलणी करण्याचे प्रयोग अमेरिकेत झाले आहेत.

कैरीच्या आमचुराला यातले काहीच फारसे मानवत नाही. गरम पाण्याने किंवा वाफेने वरचा थर उकडल्यासारखा होतो आणि वाळताना रंग बिघडतो. सोड्याला धुण्यासाठी भरपूर पाणी लागते, आणि मे महिन्यात सातपुड्यातल्या पाड्यांवर पिण्याचे पाणीच लांबून आणावे लागते. सोड्याचे सांडपाणी ओढ्यात सोडायचे की काय, हा प्रश्न निराळाच.

पपई. शहादा-तळोदा भागातली पपई प्रामुख्याने ताजे फळ म्हणून उत्तर भारतात जाते. लागवड मुख्यतः तैवानच्या, व्यवहारात ‘सातशे शहाऐंशी’ या आकड्याने ओळखल्या जाणाऱ्या वाणाची. खाणाऱ्याच्या घरी ती सुरीने सोलली जाते, तेथे यंत्राचा प्रश्न नाही. प्रश्न येतो तो कच्च्या पपईपासून टुटीफ्रुटी करताना. कच्ची पपई सोलून, बिया काढून, चौकोनी तुकडे करून मिठाच्या पाण्यात ठेवतात, मग शिजवून साखरेच्या पाकात मुरवतात आणि रंगवतात. पपईची साल पातळ आहे, पण फळाला लांबीच्या दिशेने उभे कंगोरे असतात. पट्टी टेकवून चालणारे पाते कंगोऱ्यांवरून जाते, त्यांच्यामधल्या उथळ खोबणीत हिरवी रेघ ठेवते.

गंमत अशी की येथे जाड काप घेतला तरी चालतो. कच्च्या पपईचा गर भरपूर, आणि तुकडे कसेही चौकोनी करायचेच असल्यामुळे बाहेरचा वक्र भाग काही प्रमाणात जाणारच. जिनाकांचा हिशेब पपईला बसतो, कैरीला बसत नाही. पपईत खरा त्रास चिकाचा. कच्च्या फळाच्या सालीला चीर पडली की पपेन हे प्रथिने विरघळवणारे विकर असलेला पांढरा चीक वाहतो. पपेनसाठी मुद्दाम चीक काढतात तेव्हा चिरा दोन-तीन मिलिमीटरच खोल देतात, यावरून तो किती वर असतो हे कळते. उघड्या हातांनी दिवसभर सोलणाऱ्या कामगारांच्या बोटांची कातडी सोलवटते. म्हणून पपईच्या सोलणी यंत्राचे मोल ताशी किलोंपेक्षा हातांच्या बचावात अधिक आहे, आणि छोट्या कारखान्याने यंत्र घेतले नाही तरी हातमोजे घ्यायलाच हवेत.

सीताफळ. सीताफळाला सोलणे हा शब्द जेमतेम लागू पडतो. प्रत्येक डोळा हा स्वतंत्र फुगवटा, दोन डोळ्यांमध्ये खोल घळ. पिकले की डोळे एकमेकांपासून सुटू लागतात आणि फळ हातातच उमलते. बाहेरून चालणाऱ्या कोणत्याही पात्याला येथे जागा नाही. शिवाय सालीच्या आतल्या बाजूला कठीण पेशींचा रवाळ थर असतो. तो गरात आला की जिभेला वाळूसारखा लागतो. म्हणजे येथे साल निघण्यापेक्षाही सालीच्या किती जवळ खरवडायचे, हे महत्त्वाचे ठरते.

म्हणून उद्योगाने दिशाच उलटी केली. फळ हाताने दोन भाग करून गर चमच्याने किंवा खरवडणाऱ्या साधनाने आतून काढतात आणि यंत्र फक्त बिया वेगळ्या करते. या यंत्रात नळकांड्यासारख्या चाळणीत मऊ पट्ट्या फिरतात, गर छिद्रांतून जातो आणि बिया अखंड राहतात. बी फुटता कामा नये. तिच्यात विषारी द्रव्ये असतात आणि तिची भुकटी डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते. गर गरम केला तर कडवटपणा येतो, उघडा ठेवला तर तपकिरी पडतो, त्यामुळे तो काढल्याबरोबर गोठवावा लागतो. उदयपूरच्या महाराणा प्रताप कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठाने या दिशेने केलेले काम अरवलीतल्या आदिवासी भागासाठी होते. सातपुड्यातल्या रानसीताफळाची परिस्थिती त्याच्याशी जुळती आहे, पण येथे शीतगृहाची साखळी हा सोलणीपेक्षा मोठा अडसर आहे.

निवड आणि वापर. असमान सालीच्या फळासाठी यंत्र पारखताना दोन आकडे एकत्र पाहावेत : किती टक्के साल मागे राहिली आणि किती टक्के गर सालीसोबत गेला. एक आकडा सुधारायचा तर दुसरा बिघडवावा लागतो, म्हणून विक्रेता एकच सांगत असेल तर दुसरा विचारावा. चाचणी आपल्याच झाडांच्या मिश्र फळांवर घ्यावी. फळे आधी आकारानुसार तीन-चार गटांत वेगळी केली आणि प्रत्येक गटाला पात्याची फट वेगळी लावली, तर साध्या यंत्राचेही काम बरेच सुधारते. कॅमेऱ्याने फळाचा आकार वाचून पाते हलवणारी यंत्रे आता मिळू लागली आहेत. पण कॅमेराही पृष्ठभागच पाहतो, सालीची आतली कड नव्हे.

आमचुराच्या यंत्राला वर्षातून फार तर महिना-दीड महिना काम असते. बाकी काळ ते पडून राहते आणि कैरीच्या आम्लाने स्प्रिंगा व सांधे गंजतात. एका कुटुंबापेक्षा बचत गटाने किंवा गावपातळीवरील भाडेकेंद्राने ते ठेवणे म्हणूनच अधिक रास्त. हंगाम संपला की पाती काढून गोड्या पाण्याने धुवावीत, कोरडी करून खाद्यतेलाचा हात द्यावा, आणि रबरी वाट्या दरवर्षी नव्या घ्याव्यात, कारण चिकाने कडक झालेली वाटी कैरी नीट धरत नाही.