ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई फुटबॉलपटू: मुंबईचे नेव्हिल डिसूझा

भारताचा फुटबॉल संघ एकेकाळी ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत खेळला होता, हे तुम्हाला माहीत आहे का? ते वर्ष होतं १९५६ आणि शहर होतं मेलबर्न.

गोवेकर कुटुंबातले नेव्हिल डिसूझा (१९३२–१९८०) मुंबईत टाटा आणि कॅलटेक्स या कंपन्यांच्या संघांकडून फुटबॉल खेळले. त्या काळी भारतात व्यावसायिक लीग नव्हती, त्यामुळे कंपन्यांचे संघ हाच अनेक खेळाडूंचा आधार होता.

१ डिसेंबर १९५६ रोजी उपांत्यपूर्व फेरीत भारतासमोर यजमान ऑस्ट्रेलिया होता. ऑस्ट्रेलियाने दोनदा बरोबरी साधली, पण डिसूझा यांनी तीन गोल केले आणि भारत ४-२ ने जिंकला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई ठरले.

उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांचाच होता, मात्र तो सामना भारताने १-४ ने गमावला. पुढे कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० अशी मात केली. भारत चौथा आला. डिसूझा मात्र चार गोलांसह स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांमध्ये संयुक्तपणे पहिले होते.

अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला, पण डिसूझा यांना तो कधीच मिळाला नाही. ऑलिम्पिकमधली भारतीय फुटबॉलची सर्वोत्तम कामगिरी आजही तीच आहे. १९६० नंतर तर भारतीय संघ ऑलिम्पिकसाठी पात्रच ठरलेला नाही.