वाघीण (मॉडेल रेल्वेतील)

वाघीण : मालगाडीच्या डब्याचे मराठी नाव, इंग्रजी ‘वॅगन’ मराठी जिभेवर रुळताना ते तयार झाले. मॉडेल रेल्वेत वाघीण म्हणजे त्या डब्याची प्रमाणात घडवलेली, रुळांवर धावणारी छोटी प्रतिकृती. इंजिनाचे कौतुक सगळेच करतात, पण गाडी खरी वाटते की नाही हे वाघिणींवर ठरते. इंजिन क्षणात पुढे निघून जाते. त्यामागून वाघिणी कितीतरी वेळ डोळ्यांसमोरून जात राहतात. खऱ्या वाघिणीवरचा प्रत्येक पोचा, डाग आणि अक्षर कुठल्या ना कुठल्या कामातून उमटलेले असते. ते काम समजून न घेता केलेले बारकावे संख्येने कितीही असोत, वरून चिकटवल्यासारखेच दिसतात. या नोंदीत भारतीय ब्रॉडगेजवरची ‘बॉक्स-एन’ ही उघडी वाघीण मुख्य उदाहरण म्हणून घेतली आहे.

१९८० च्या दशकात भारतीय रेल्वेवर आलेल्या या वाघिणीच्या नावातच तिचे वर्णन आहे : ‘बी’ म्हणजे बोगीवरची, ‘ओ’ म्हणजे उघडी, शेवटचा ‘एन’ म्हणजे हवेच्या ब्रेकची. कप्लरपासून कप्लरपर्यंत तिची लांबी १०,७१३ मिमी., रुळापासून उंची ३,२२५ मिमी., रिकामे वजन सुमारे २२.५ टन आणि भरण्याचा माल सुमारे ५८.८ टन. एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ ला, हीच वाघीण १२३ मिमी. लांब आणि ३७ मिमी. उंच होते, एक मीटर व्यासाचे चाक साडेअकरा मिमी.चे. अशा ५८ वाघिणी आणि मागे ब्रेकव्हॅन असा पूर्ण रेक करायचा, तर नुसत्या वाघिणीच सात मीटरांहून जास्त जागा घेतात. म्हणून घरच्या मांडणीत बारा-पंधरा वाघिणींवर भागवावे लागते. त्यात काही बिघडत नाही. मात्र त्या सगळ्या एकाच जातीच्या असाव्यात. निरनिराळ्या डब्यांची मिसळ करून सजवलेली गाडी आजच्या भारतीय मालगाडीसारखी दिसत नाही, कारण कोळशाचा किंवा सिमेंटचा रेक सहसा एकाच प्रकारचा असतो.

भारतीय वाघीण करणाऱ्यापुढचा पहिला पेच गेजचा. एचओचे रूळ १६.५ मिमी. अंतरावर असतात आणि ते युरोप-अमेरिकेतल्या १,४३५ मिमी.च्या गेजसाठी आखलेले आहेत. आपले ब्रॉडगेज १,६७६ मिमी.चे, १:८७ ला ते सुमारे १९.२५ मिमी. व्हायला हवे. बाजारातले तयार रूळ वापरले की वाघीण बाजूने अचूक दिसते, पण समोरून पाहिली की रुंद अंगाखाली पाय जवळ घेतल्यासारखी वाटते. यावर एक फारसा न वापरला गेलेला उपाय आहे. ब्रॉडगेज म्हणजे साडेपाच फूट. फुटाला तीन मिलिमीटर हे ब्रिटनमधले जुने टीटी प्रमाण (१:१०१.६) घेतले, तर साडेपाच फुटांचे बरोबर १६.५ मिमी. होतात. म्हणजे एचओचेच रूळ आणि त्यांवर अचूक ब्रॉडगेज. वाघीण मग १०५ मिमी.ची होते. या प्रमाणात इंजिनापासून सिग्नलपर्यंत सारे स्वतः करावे लागते. तरीही ज्याला हाताने घडवण्याचीच आवड आहे त्याने हा मार्ग जरूर धरावा.

दुसरा पेच जाडीचा. बॉक्स-एनच्या भिंतीचा पत्रा काही मिलिमीटर जाड असतो. साच्यातून काढलेले प्लॅस्टिक अर्धा मिमी. जाड धरले, तरी खऱ्या मापात ती भिंत चार सेंमी.हून जाड ठरते. बंद वाघिणीत हे दिसत नाही. उघडीचा वरचा काठ मात्र थेट नजरेत येतो आणि तिथेच नक्कल उघडी पडते. काठ आतून तासून पातळ केला तर बराच फरक पडतो. कोरीव पितळी पत्र्याची वाघीण याहून सरस. चाकांचेही तसेच. खऱ्या चाकाची रुंदी सुमारे १२७ मिमी., म्हणजे प्रमाणात दीड मिमी.देखील नाही. मॉडेलची नेहमीची चाके २.८ मिमी. रुंद असतात, कारण सांधे बदलताना ती घसरू नयेत. २.२ मिमी.ची बारीक चाकेही मिळतात, पण त्यांसाठी रूळ फार काळजीने टाकावे लागतात.

आता बाजूच्या पत्र्याकडे जवळून पाहू. बॉक्स-एनची बाजू उभ्या आडणींनी चौकटींत विभागलेली असते आणि वापरलेल्या वाघिणीत या चौकटी बाहेरच्या दिशेने फुगलेल्या दिसतात. वीजकेंद्रात टिपलर यंत्र अख्खी वाघीण कलती करून माल ओतते. पण मालधक्क्यावर ती यंत्राच्या पंज्याने रिकामी करतात आणि पंजा आतून पत्र्यावर आदळतो. म्हणून पोचा आतून बाहेर येतो आणि दोन आडणींच्या मधेच येतो. आडण सरळ राहते. अनेक मॉडेलांत पोचे बाहेरून आत ठोकलेले दिसतात, तेही आडणींसकट. असे पोचे टक्कर झालेल्या वाघिणीचे. पातळ पत्र्यावर आतून गोल टोकाच्या सळईने हलके दाबले की योग्य फुगवटा येतो. फुगवट्याच्या माथ्यावरचा रंग आधी उडतो, गंज तिथून सुरू होतो आणि पावसाने खाली ओघळतो.

रंगकामाचा क्रमही या इतिहासाला धरून असावा. आधी गंजाचा तपकिरी थर, त्यावर हेअरस्प्रे, मग वाघिणीचा तांबूस रंग, आणि तो सुकल्यावर ओल्या ब्रशने जागोजागी खरवडणे : या पद्धतीने रंग खऱ्यासारखाच वरून सुटतो व खालचा गंज दिसतो. नुसत्या तपकिरी रंगाचे ठिपके देऊन हे साधत नाही. आतली बाजू वेगळी रंगवावी. मालाच्या घर्षणाने तिथे रंग उरतच नाही. खालच्या बोगी मात्र रुळांवरच्या धुळीने आणि ब्रेकच्या भुकटीने एकसारख्या मळकट होतात. तिथे लाल-पिवळ्या गंजाची हौस आवरावी.

अक्षरे आणि आकडे हा भाग बहुतेक जण उरकून टाकतात, आणि जाणकाराची नजर आधी तिथेच जाते. आताच्या पद्धतीत वाघिणीचा क्रमांक अकरा अंकी असतो : दोन अंक प्रकाराचे, दोन मालक रेल्वेचे, दोन बांधणीच्या वर्षाचे, चार अनुक्रमाचे आणि शेवटचा पडताळ्याचा. पडताळा असा निघतो : सम स्थानांवरच्या अंकांच्या बेरजेची तिप्पट करायची, तीत विषम स्थानांवरच्या अंकांची बेरीज मिळवायची आणि येणाऱ्या संख्येला पुढच्या दशकापर्यंत जितके कमी पडतील तो अकरावा अंक. समजा पहिले दहा अंक १००१०६४३२७ आहेत. सम स्थानांची बेरीज १७, तिची तिप्पट ५१, विषम स्थानांची ७, एकूण ५८. साठाला दोन कमी, म्हणून अकरावा अंक २. मनाने टाकलेला अकरावा अंक दहांपैकी नऊ वेळा चुकतो. मालक रेल्वेची आद्याक्षरेही काळाशी जुळली पाहिजेत. बिलासपूरची दक्षिण पूर्व मध्य रेल्वे २००३ मध्ये झाली. १९९० च्या दशकातल्या देखाव्यात ‘द.पू.म.रे.’ लिहिलेली वाघीण उभी केली, तर बाकीची सारी मेहनत त्या चार अक्षरांपाशी फुकट जाते.

जोडणीचा घोटाळाही नेहमी दिसतो. बॉक्स-एनला मधला कप्लर असतो, बाजूचे बफर नसतात. पूर्वीच्या स्क्रू-कपलिंगच्या डब्यांना बफर हवेत. वजनाबाबत अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस पाळली, तर १२३ मिमी.ची वाघीण ९७ ग्रॅमच्या आसपास भरावी. रिकाम्या उघड्या वाघिणीत वजन लपवायला जागाच नसते. ओतीव धातूचा तळ हा त्यावरचा चांगला उपाय.

महाराष्ट्रात वाघिणींच्या अभ्यासाला विषय भरपूर आहेत. कोकण रेल्वेवर १९९९ मध्ये कोलाड–वेर्णा मार्गावर सुरू झालेल्या रो-रो सेवेत सपाट वाघिणींवर भरलेले ट्रक चढवून नेतात. वाघिणीला ताडपत्र्या, दोरखंड आणि रंगवलेल्या ट्रकांची जोड मिळणारा असा देखावा दुसरा नाही. बार्शी लाइट रेल्वे (१८९७) तर वाघिणींच्या इतिहासातच महत्त्वाची आहे. तिचे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी ७६२ मिमी.च्या या मार्गावर प्रत्येक आसावरचा भार पाच टनांवर बांधला आणि मालाच्या वाघिणी दाबीव पोलादाच्या एकाच पंचवीस फुटी सांगाड्यावर उभारल्या. मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय : एचओत सुमारे ८७.५ मिमी.चा एक सांगाडा नीट साधला की उघडी, बंद, सपाट अशा सगळ्या वाघिणी त्यावर होतात, आणि गेजसाठी ९ मिमी.चे तयार रूळ जवळजवळ बरोबर बसतात. ही गाडी आता ब्रॉडगेज झाली असल्याने तिच्या प्रतिकृती होणे अगत्याचे आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेंचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. मराठी मुलखातल्या कितीतरी मुलांनी छोटी मालगाडी पहिल्यांदा धावताना पाहिली ती तिथेच.

शेवटी माल. बॉक्स-एनची धारणक्षमता सुमारे ५६ घनमीटर आहे. कोळसा हलका, म्हणून तो काठापर्यंत येतो, वर ढीगही दिसतो. लोहखनिज मात्र इतके जड, की वजनाची मर्यादा गाठली तरी निम्मी वाघीण रिकामीच राहते, आणि माल बहुधा दोन बोगींच्या वर दोन ढिगांत पडलेला असतो. काठोकाठ लाल खनिज भरलेली वाघीण कितीही सुंदर रंगवली तरी ती खरी असूच शकत नाही. कोळशासाठी खरा कोळसाच कुटून चाळावा, दहा सेंमी.चा खडा प्रमाणात एक मिमी.हून थोडाच मोठा होतो, तेव्हा चाळणी बारीक हवी. फोमच्या उंचवट्यावर पातळ केलेला गोंद देऊन तो पसरतात. चंद्रपूर किंवा कोराडीच्या वीजकेंद्राकडे भरून गेलेला रेक रिकामा परततो. म्हणून मांडणीत एकाच दिशेला भरलेल्या वाघिणी धावाव्यात आणि उलट दिशेला रिकाम्या. त्यासाठी फोमखाली लोखंडाचा छोटा तुकडा बसवतात. केंद्राच्या साइडिंगमध्ये गाडी थांबली की वरून लोहचुंबक धरायचा. कोळशाचा ढीग अख्खा उचलला जातो आणि खाली घासून उजळलेला, कोपऱ्यांत काळी भुकटी साचलेला तळ दिसतो.