सुईची जखम : रुग्णसेवकांची सुरक्षा

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली ११ फेब्रुवारी हा जागतिक रुग्णदिन म्हणून घोषित केला. या दिवशी ख्रिस्तसभा रुग्णांबरोबरच त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठीही प्रार्थना करते. या सेवकांना नित्य भेडसावणारा धोका म्हणजे वापरलेली सुई टोचणे. रुग्णालयात यास ‘नीडल प्रिक’ म्हणतात.

धोका कोणता?

सुईवरील रक्तातून प्रामुख्याने हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी व एचआयव्ही हे विषाणू संक्रमित होतात. बाधित रुग्णाची सुई टोचल्यास एचआयव्हीची लागण हजारात सुमारे ३ जणांस होते. हिपॅटायटिस बीची लागण मात्र लस न घेतलेल्या शंभरांपैकी ६ ते ३० जणांस होऊ शकते. या रोगावर प्रभावी लस आहे. पहिल्या मात्रेनंतर एक व सहा महिन्यांनी उर्वरित दोन मात्रा घ्याव्या लागतात. हिपॅटायटिस सीवर लस नाही. परंतु वेळेत निदान झाल्यास औषधांनी बहुतेक रुग्ण बरे होतात.

कोणाला टोचते?

सुईला पुन्हा टोपण लावताना परिचारिकांना व शिकाऊ विद्यार्थ्यांना इजा होते. सर्वांत दुर्लक्षित राहतात ते सफाई करणारे मामा आणि मावशी. इंजेक्शन दुसऱ्याने दिलेले असते, सुई साध्या कचऱ्यात पडते आणि पिशवी उचलताना ती त्यांच्या हातात घुसते. ती कोणत्या रुग्णाची, हेही त्यांना कळत नाही.

टोचल्यास काय करावे?

१. जखम वाहते पाणी व साबणाने धुवावी. ती पिळू नये, बोट तोंडात घालू नये, स्पिरिट लावू नये.
२. वरिष्ठांस तत्काळ कळवून नोंद करावी.
३. डॉक्टरांच्या सल्ल्याने एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत सुरू करावीत. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग होत नाही. ती २८ दिवस घ्यावी लागतात.
४. स्वतःची रक्ततपासणी लगेच व पुढे सांगितलेल्या मुदतीत करावी.

नियम काय सांगतात?

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिक येथे १९९८ साली स्थापन झाले. त्याच वर्षी देशात जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम लागू झाले. २०१६ च्या सुधारित नियमांनुसार सुया व पाती भोक न पडणाऱ्या पांढऱ्या, अर्धपारदर्शक डब्यातच टाकावयाच्या असतात. एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७ नुसार धोक्याच्या कामावरील प्रत्येकास संरक्षक साधने, प्रशिक्षण व प्रतिबंधक औषधे पुरविणे आरोग्यसंस्थेस बंधनकारक आहे. यात सफाई कामगारही आले.

मौन सोडावे

बोलणी बसतील, नोकरी जाईल, लोक संशय घेतील या भीतीने अनेकजण जखम लपवितात आणि औषधाचे मोलाचे तास निघून जातात. सुई टोचल्याचे सांगणे हा अपराध नव्हे. सांगणाऱ्यास दोष न देता प्रथम उपचार मिळवून देणे, हे संस्थाचालकांचे कर्तव्य आहे. आपल्या घरातील मुलगी नर्सिंग शिकत असेल किंवा कोणी रुग्णालयात सफाईचे काम करीत असेल, तर हिपॅटायटिस बीच्या तिन्ही मात्रा पूर्ण झाल्या का, हे आजच विचारावे. दुसऱ्यांच्या जखमा बांधणाऱ्या हातांचीही काळजी घेणे, हा ख्रिस्ती सेवेचाच भाग आहे.