पास असलेल्यालाच पकडणारे विकर

बारावीला ‘रेस्ट्रिक्शन एन्झाइम’ शिकवताना आपण इको-आर-वनचे उदाहरण देतो. जीएएटीटीसी ही अक्षरे दिसली की ते डीएनए कापते. त्या जागी मेथिल गटाची खूण असेल तर सोडून देते. ठाणे-डोंबिवलीच्या मुलांना हे समजवायला लोकलचा पास पुरतो. पास असला की तपासनीस अडवत नाही.

इतिहासाची सुरुवात मात्र नेमकी उलट्या टोकाला झाली. १९५२ साली अमेरिकेत साल्वादोर लुरिया व मेरी ह्युमन टी-२ हा जीवाणूभक्षी विषाणू ई. कोलायच्या एका उत्परिवर्तित वाणात वाढवत होते. त्यातून निघालेले विषाणू नेहमीच्या ई. कोलायमध्ये वाढेनात. मेले की काय? एक दिवस जीवाणूंची नळी फुटली म्हणून लुरियांनी शेजारच्या प्रयोगशाळेतून शिगेला जीवाणू मागून आणले, आणि त्यांत तेच विषाणू मजेत वाढले! (फुटलेल्या नळीचेही कधी उपकार होतात.)

उलगडा नंतर झाला. टी-२ आपल्या डीएनएत सायटोसीनऐवजी हायड्रॉक्सिमेथिल सायटोसीन वापरतो आणि त्यावर ग्लुकोज चढवतो. त्या वाणात ग्लुकोजचा पुरवठा होत नव्हता. पांघरूण नसलेले बदललेले अक्षर दिसताच ई. कोलाय डीएनए कापून टाकी. म्हणजे इथे पास बाळगणाराच पकडला जात होता! विषाणूने खोटा पास काढला, जीवाणूने पासवाल्यांनाच धरायला सुरुवात केली, मग विषाणूने पास झाकला, असा हा डाव.

१९७८चे नोबेल मिळाले ते दुसऱ्या, बिनखुणेचा डीएनए कापणाऱ्या विकरांवरील कामाला. पाठ्यपुस्तकातही तीच गेली. पण १९८६ साली एलिझाबेथ रॅली व जॉफ्री विल्सन यांनी मेथिल सायटोसीन असलेला परका डीएनए ई. कोलाय कापतो हे दाखवले. वनस्पतींचा किंवा माणसाचा डीएनए ई. कोलायमध्ये घालताना तो अधूनमधून नाहीसा का होतो, हे तेव्हा कळले. आता त्यासाठी ही विकरे नसलेले वाण वापरतात.

यांपैकी एमसीआर-बीसी हे विकर दिसते कसे, ते पुण्याच्या आयसरमधील नेहा निरवान, के. साईकृष्णन व सहकाऱ्यांनी बंगळूर आणि स्टॉकहोमच्या संशोधकांसह २०१९ साली दाखवले. अतिथंड नमुन्यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक चित्रांत एमसीआर-बीच्या सहा रेणूंचे कडे दिसते. एमसीआर-सीचे एक बोट त्याच्या भोकात शिरलेले असते. बी जीटीपी फोडते, सी डीएनए कापते. आणि ते बोट आत शिरल्यावरच बीचा जीटीपी फोडण्याचा वेग वाढतो.